पवनचक्की डोंगरावरच का येते, आणि आल्यावर गावाच्या हाती काय लागतं?

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा विषय पुढे आला, आणि तोवर सहलीच्या फोटोंत दिसणारी पवनचक्की रोजच्या बातम्यांत येऊन बसली. खटल्याचं काय ते न्यायालय बघेल. पण त्या बातम्या वाचताना अनेकांना एक साधा प्रश्न पडला. माळावर तीन पाती फिरवणाऱ्या यंत्राभोवती एवढा पैसा आणि एवढे वाद येतात कुठून?

याचं उत्तर शोधायचं तर मराठवाड्यापेक्षा साताऱ्याचा डोंगर जास्त उपयोगी आहे, कारण तिथे हा सगळा प्रकार पंचवीसेक वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. पाटण तालुक्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवडे, ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी, तिकडे सडावाघापूर. समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंचीच्या या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. पुढे सांगलीत ढालगाव, धुळ्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल, आणि आता बीड-धाराशिवचे बालाघाटाचे माळ. जिथे नवीन कंपनी येतेय तिथल्या लोकांनी आधी साताऱ्याला एक चक्कर मारून यावी, असं माझं मत आहे.

सगळा खेळ वाऱ्याच्या वेगाचा

पावसाळ्यात सडावाघापूरला लोक उलटा धबधबा बघायला जातात. कड्यावरून पडणारं पाणी खाली न जाता वर उडतं. खालच्या दरीतून येणारा वारा कड्याला थडकतो, त्याला वर चढण्यावाचून वाट राहत नाही, आणि माथ्यावर तो दाटीने, जोरात निघतो. पाणी उडवणारा हाच वारा पवनचक्कीला हवा असतो. कड्याच्या अगदी तोंडाशी मात्र तो भोवरे घालतो आणि भोवऱ्यात पाती लवकर झिजतात, म्हणून यंत्रं थोडी आत, पठारावर उभी करतात.

थोडा जास्त वारा मिळावा म्हणून एवढा डोंगर चढायचा? हो, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा धरा. ६ चा घन २१६. दुसऱ्या ठिकाणी वेग ८ मीटर आहे. ८ चा घन ५१२. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि शक्ती दुपटीहून पुढे गेली. खालच्या गावातल्या दहा यंत्रांचं काम वरची चार-पाच यंत्रं करतात ती यामुळे.

दुसरी गोष्ट पात्यांची. पाती फिरताना जे वर्तुळ तयार होतं त्याचा व्यास दुप्पट केला की वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं. साताऱ्यातल्या जुन्या यंत्रांचा हा व्यास साधारण ३० ते ६५ मीटर असायचा. आजच्या तीन मेगावॉटच्या यंत्रांचा १४० मीटरच्या पुढे असतो, आणि एकेक पातं ७० मीटर लांबीचं. हे ७० मीटर लक्षात ठेवा, पुढे घाटरस्त्याच्या वळणावर ते पुन्हा भेटणार आहे.

वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेता येत नाही. तसं केलं तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि नवीन हवेला यायला जागाच उरणार नाही. जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येते, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये गणिताने दाखवून दिलं. प्रत्यक्षात यंत्रं त्याच्याही खालीच राहतात.

मेगावॉट ऐकून हुरळू नका

कंपनीच्या फलकावर आकडा असतो मेगावॉटचा आणि आपल्या बिलावर युनिटचा. एक किलोवॉट ताकदीचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. हजार किलोवॉटचा एक मेगावॉट. म्हणजे २ मेगावॉटचं यंत्र पूर्ण ताकदीने चाललं तर तासाला २,००० युनिट देईल.

पण ते पूर्ण ताकदीने चालतं कधी? सेकंदाला ३ मीटरच्या आसपास वारा असला की पाती फिरायला लागतात, ११-१२ मीटरला पूर्ण ताकद येते, आणि २५ मीटरच्या आसपास यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. वर्षाची सरासरी काढली तर चांगल्या जागी पूर्ण क्षमतेच्या पाव हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त वीज निघते. पाव हिस्सा धरला तर २ मेगावॉटच्या यंत्रातून वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट होतात. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या साडेतीन हजार घरांना पुरेल एवढी ती वीज. आकडा छोटा नाही, पण फलकावरच्या मेगावॉटवरून वाटतो त्याच्या चौथाईच आहे.

शिवाय ही वीज वर्षभर सारखी येत नाही. आपल्याकडे वर्षाच्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्येच येतो, म्हणजे शेतीचे पंप बंद असतात तेव्हा. एप्रिल-मेच्या उन्हात, विजेची ओढाताण असते तेव्हा, पात्यांचा जोर कमी असतो. म्हणून एकट्या वाऱ्यावर राज्य चालत नाही. जोडीला सौर, औष्णिक आणि कोयनेसारखा जलविद्युत प्रकल्प लागतो. कोयनेचं बरं आहे, धरणातलं पाणी मागणी येईपर्यंत थांबू शकतं. वाऱ्याला थांबवून ठेवता येत नाही.

पवनचक्क्या पाऊस पळवतात का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. २००३ च्या आसपासच्या दुष्काळात सातारा, सांगली, धुळे या पट्ट्यात तो गावोगाव विचारला गेला आणि आजही विचारला जातो. लोकांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. पवनचक्क्या झपाट्याने उभ्या राहिल्या त्याच काळात पाऊस रुसला. जुलैत चाळकेवाडीला जाणाऱ्याला ढग पात्यांतून जाताना डोळ्यांनी दिसतातही.

तरी उत्तर नाही असंच आहे. पठाराला टेकलेला ढग हा वर कित्येक किलोमीटर उंच असलेल्या ढगांच्या थराचा अगदी तळ असतो. पात्याचं टोक जमिनीपासून फार तर शंभर-दोनशे मीटर उंच जातं. ते त्या पातळ थरातल्या वाऱ्याचा वेग थोडा कमी करतं आणि काही किलोमीटर पुढे गेल्यावर वारा पुन्हा पूर्ववत होतो. अरबी समुद्रावरून शेकडो किलोमीटरच्या रुंदीने येणारं बाष्प सह्याद्रीने उचललं की थंड होतं आणि पाऊस पडतो. ते उचलण्याचं काम डोंगर करतो, आणि डोंगर जागेवरच आहे.

माण-खटावचा दुष्काळ तर पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीचा. कोयनानगर-महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत पाचशेच्या आसपास, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा जुना हिशोब आहे. १९७२ ला महाराष्ट्रात यातलं एकही यंत्र नव्हतं. आणि २००५ व २०१९ ला पठारं पवनचक्क्यांनी भरलेली असताना कृष्णा-कोयनेला महापूर आले. पाऊस पळवणारी यंत्रं त्या वर्षी सुट्टीवर होती असं तर नाही ना!

यंत्राच्या मागे हवा घुसळली जाते आणि रात्री जमिनीलगतचं तापमान किंचित वाढू शकतं, हे अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये उपग्रहाच्या मोजणीतून दिसलं आहे. तो परिणाम प्रकल्पाच्या परिसरापुरता असतो. त्याचा आणि तालुक्याच्या पावसाचा काही संबंध नाही.

मग दिवे आमच्याच गावात का जातात?

पवनचक्कीच्या सावलीत राहणाऱ्या माणसाचा हा सर्वात रास्त राग. डोक्यावर यंत्र फिरतंय आणि घरात अंधार.

धरणाचा मुख्य कालवा गावच्या शिवारातून जातो, पण चारी काढल्याशिवाय त्यातलं पाणी शेतात येत नाही. विजेचं अगदी तसंच आहे. यंत्रात तयार झालेली वीज बुंध्याशी असलेल्या रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) ३३ हजार व्होल्टला चढते, प्रकल्पाच्या सबस्टेशनला जाते, तिथून १३२ किंवा २२० हजार व्होल्टला चढून महापारेषणच्या वाहिनीत मिसळते. तुमच्या घरची वीज येते महावितरणच्या ११ हजार व्होल्टच्या फीडरवरून, वेगळ्या वाटेने. त्या फीडरवर झाड पडलं की वरचं यंत्र फिरत असूनही गाव अंधारात. आणि ग्रिडच, म्हणजे वीजवाहिन्यांचं मोठं जाळंच, बंद पडलं तर वारा असूनही यंत्राला थांबावं लागतं, कारण वीज ढकलायला जागा नसते.

म्हणून ‘आमच्या पवनचक्कीची वीज आम्हाला द्या’ या मागणीला तांत्रिक उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो. ‘गावाचा फीडर सुधारा, रोहित्राची क्षमता वाढवा, आणि हे करारात लिहा’ ही मागणी कमी जोशपूर्ण आहे, पण ती पूर्ण करता येते.

आवाजाचं काय?

अगदी जवळ उभं राहिलं तर पात्यांची लयीतली घरघर त्रासदायक असते. अर्ध्या किलोमीटरवर ती साधारण ४० डेसिबलच्या आसपास येते. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वस्तीपासून ५०० मीटरचं अंतर सांगितलं आहे ते यासाठी. अडचण अशी की ही अंतराची अट घरांच्या समूहासाठी आहे. डोंगरात धनगरवाड्यावर दोन-चारच घरं असतात, आणि नकाशावर ती बऱ्याचदा दिसतच नाहीत.

खरं नुकसान रस्ता करतो

पवनचक्की दिसते उंच, पण जमिनीवर जागा थोडी खाते. पायाचं काँक्रीट, क्रेन उभी करायला सपाट केलेली जागा, शेजारी रोहित्र. दोन यंत्रांमध्ये शेती करता येते, गुरं चरतात. हे कंपन्या सांगतात आणि ते खरं आहे.

आता ते ७० मीटरचं पातं आठवा. ते दोन तुकड्यांत येत नाही, अखंड येतं. एसटी जिथे दोनदा मागेपुढे करून वळते, त्या घाटात हे पातं वळवायचं असेल तर वळण कापावं लागतं, डोंगर फोडावा लागतो, उतार कमी करावा लागतो. वर पठारावर गेल्यावर एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत रस्ता हवा, कारण शेकडो टनांची क्रेन तिथून जाणार असते. एक यंत्र म्हणजे एक ठिपका, पण पन्नास यंत्रं म्हणजे पन्नास ठिपके जोडणारं रस्त्यांचं जाळं. निघालेली माती-मुरूम कुठे टाकली, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न. ती उतारावर ढकलली तर पहिल्या पावसात ओढ्यात, दुसऱ्या पावसात भातखाचरात.

भीमाशंकरच्या बाजूला पुणे जिल्ह्यात असंच झालं. पश्चिम घाटावर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात तिथल्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या निकृष्ट रस्त्यांवर, घसरणाऱ्या दरडींवर आणि ओढ्यांत व जलाशयात जाणाऱ्या राडारोड्यावर स्पष्ट टीका आहे. लक्षात घ्या, आक्षेप पात्यांवर फारसा नव्हता.

त्यात आपले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची ही खडकाळ पठारं, नाजूक. वरून उजाड जांभा दगड दिसतो म्हणून सरकारी भाषेत ती पडीक जमीन. त्या दगडावर बोटभर मातीचा थर असतो आणि पावसाळ्यात त्यावर कास पठारासारखी फुलं येतात. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तो २०१० मध्ये. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना येतं. असा सडा चुकीच्या जागी खोदला तर उन्हाळ्यात झरा आटल्यावरच कळतं.

चाळकेवाडीच्या पठारावर तर एक फार सुंदर अभ्यास झालाय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी सहकाऱ्यांसह केलेला हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेला पठाराचा भाग आणि नसलेला भाग, अशी तुलना त्यांनी केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपटीने कमी आढळले. त्यामुळे तिथले सरडे वाढले. गळ्याखाली निळा-केशरी पंखा असलेला ‘सारडा सुपर्बा’ हा इथलाच सरडा. वर घिरट्या घालणारं कुणी नाही म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी सापडलं, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळेनात. दुसरीकडे संख्या वाढल्याने खाण्याची ओढाताण झाली आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले.

थोडक्यात, यंत्रांनी त्या पठारावर घार-ससाण्यांची जागा घेतली. मला हा अभ्यास आवडतो, कारण त्यात कुणी खलनायक नाही. नुसता बदल मोजलाय. आणि असा बदल आधी मोजावा अशी सक्ती कायद्यात नाही! पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना पवनऊर्जा प्रकल्पांना लागू होत नाही. धूर नाही म्हणजे परिणाम नाही, असा त्यामागचा हिशोब. वनजमीन असेल तर वन कायद्याची परवानगी लागते, खाजगी सड्यावर तेवढीही अडकाठी नाही. ही सूट आता काढून घ्यायला हवी, निदान सह्याद्रीच्या माथ्यापुरती तरी. पवनऊर्जेच्या बाजूने असलेल्यांनीच ही मागणी करायला पाहिजे.

जमिनीचा कागद

वाद होतो तो इथे. डोंगरातली जमीन सामाईक असते. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, वारस बारा, त्यातले आठ मुंबईला. नाचणी-वरी कधी काळी पिकायची, आता गवत आहे. अशा वेळी गावातलाच कुणी एजंट येतो आणि एका हिस्सेदाराची सही घेऊन जातो. जमिनीला भावच नसलेल्या काळात साताऱ्यात कित्येकांनी किरकोळ पैशांत जमिनी दिल्या. त्यांच्यासाठी तो व्यवहार तेव्हा फायद्याचाच होता. पुढे काय उभं राहणार आणि ते किती कमावणार, हे माहीत असलेला माणूस मात्र टेबलाच्या एकाच बाजूला होता.

कंपनी जमीन दोन प्रकारे घेते, खरेदीखताने किंवा पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने. खरेदीत एकरकमी पैसा मिळतो आणि नातं संपतं. भाडेपट्ट्यात दरवर्षी रक्कम येते, ती दर काही वर्षांनी वाढवून घेता येते, आणि जमीन तुमच्या नावावर राहते. निकडच नसेल तर भाडेपट्टाच करावा, आणि तो नोंदणीकृत असावा. साध्या स्टॅम्पपेपरवरचा ‘करार’ पुढे कोर्टात फार उपयोगाला येत नाही.

ज्यांच्या शेतात यंत्र नाही पण डोक्यावरून तारा जातात, त्यांचं दुखणं वेगळं. तारांखाली आंबा-फणस लावता येत नाही, घर बांधता येत नाही. उच्च दाबाच्या पारेषण वाहिन्यांसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि ग्रामीण भागात तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई आहे. यंत्रापासून सबस्टेशनपर्यंतच्या ३३ हजार व्होल्टच्या तारा या सूचनेत बसत नाहीत. डोंगरात सगळ्यात जास्त खांब त्यांचेच असतात, त्यामुळे तिथे ठराव आणि वाटाघाटी हाच आधार.

रोजगाराबद्दलही आधीच ओळखून असावं. रस्ता, पाया, तारा ओढणं यात वर्ष-दोन वर्षं भरपूर काम असतं. नंतर यंत्रांवर लक्ष दूरच्या नियंत्रण कक्षातून ठेवलं जातं, आणि गावाच्या वाट्याला राहते ती रखवालदारी, गाडी चालवणं, फार तर आयटीआय झालेल्या मुलांना देखभालीची नोकरी.

काही पवनचक्क्या भर पावसात बंद का दिसतात?

कधी दुरुस्ती, कधी ग्रिडमध्ये जागा नसते. पण साताऱ्यात आणखी एक कारण आहे, आणि त्यासाठी थोडा इतिहास लागतो.

साताऱ्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या काळात पवनचक्की घेणाऱ्या उद्योगाला यंत्राच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून, म्हणजे यंत्र झिजून तेवढी किंमत घटली असं दाखवून, आयकर वाचवता येई. ही सवलत एकेकाळी १०० टक्के, मग ८० टक्के होती, २०१७ पासून ४० टक्के आहे. कापड गिरणी, साखर कारखाना, औषध कंपनी, कुणीही यंत्र विकत घेतलं. शेजारशेजारची दहा यंत्रं दहा मालकांची. २००३ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने युनिटला ३.५० रुपये आणि दरवर्षी १५ पैशांची वाढ असा १३ वर्षांचा दर ठरवून दिला होता. २०१७ मध्ये देशात पवनऊर्जेच्या खरेदीसाठी लिलाव सुरू झाले आणि दर आधी ३.४६, मग त्याच वर्षी २.६४ रुपयांवर आला. जुने करार संपले, दुरुस्तीचा खर्च वाढला, तांब्याच्या केबल चोरीला गेल्या. मग मालकाला यंत्र चालू ठेवणं परवडेना.

परिणामी राज्यातल्या सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा सर्वात जुन्या, सर्वात लहान यंत्रांनी अडवून ठेवल्या आहेत. ती काढून त्याच पठारावर मोजकी पण मोठी यंत्रं उभी केली तर नवा डोंगर न फोडता वीज वाढेल. त्यासाठी केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं. पण दहा मालकांना एकत्र आणायचं, जमिनीचे कागद जुळवायचे, तारांची क्षमता वाढवायची, आणि ७० मीटरच्या पात्यासाठी घाट पुन्हा कापायचा. त्यापेक्षा बीडच्या सपाट माळावर नवी जागा घेणं कंपनीला सोपं वाटतं, यात नवल नाही.

म्हणून नव्या गावांनी करारात एक कलम आवर्जून बघावं. पंचवीस वर्षांनी यंत्र उतरवायचं कुणी, काँक्रीटचा पाया काढायचा की तसाच ठेवायचा, आणि काचतंतूंची पाती न्यायची कुठे? या पात्यांचा पुनर्वापर अवघड असतो, भंगारवालाही ती घेत नाही. टॉवरचं लोखंड विकून खर्च निघेल असं कंपनी सांगेल. तर मग तेवढ्या रकमेची बँक हमी सुरुवातीलाच द्यायला तिला अडचण नसावी. कंपनी हात बदलते, नाव बदलते, कधी बुडतेही, म्हणून ही हमी नव्या मालकालाही बांधील राहील असं लिहून घ्यावं, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.